तुमचं काय मत?

आमच्या हिचं म्हणणं एवढंच होतं, की दिवाळीच्या आत हॉलला रंग काढून घ्या. एका वाक्याचं काम. पण बत्तीस वर्षं मी बँकेत काढली आहेत. तीन सह्या झाल्याशिवाय मला कागद पुढे सरकवता येत नाही. मी म्हटलं, रंग काढतोच आहोत तर सगळा हॉलच जरा नवा करू. चार लोकांना विचारू.

डोंबिवलीत हॉल दोन प्रकारचे असतात. एकात लग्नं लागतात, दुसऱ्यात लग्न झालेली माणसं राहतात. आमचा दुसऱ्या प्रकारचा, दहा बाय पंधरा. त्यात सोफा, दिवाण, घडीचं जेवणाचं टेबल, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग आणि ईशान्येच्या कोपऱ्यात अस्सल सागवानी शोकेस. शोकेसमध्ये मान हलवणारी तंजावरची बाहुली, सावंतवाडीची लाकडी फळं, कन्याकुमारीचा शंख आणि एक टी-सेट. त्या टी-सेटमधून आजवर कोणी चहा प्यायलेलं नाही. 'चांगला आहे' हेच त्याचं कारण.

पहिली आली वहिनी. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "भावजी, या खोलीला श्वासच घेता येत नाहीये." तिच्या स्वतःच्या घरातली खोली भरपूर श्वास घेते, तिथे बसायला काही नसल्यामुळे पाहुणे कप हातात धरून उभे असतात. मग मेव्हणा होकायंत्र घेऊन आला. ईशान्य कोपरा हलका हवा, जड सामान नैऋत्येला, टीव्ही आग्नेयेला. आमच्या नैऋत्येला घराचं दार आहे. म्हणजे शास्त्र पाळायचं तर शोकेस दारात ठेवून घरात खिडकीतून यायचं. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा म्हणाला, "मामा, फॉल्स सीलिंग करू. आतून पट्टीचे दिवे, वॉर्म व्हाइट, 3000 केल्विन." आमच्या ट्यूबा 6500 केल्विनच्या आहेत आणि त्यात माणूस पोस्टमॉर्टेमला आणल्यासारखा दिसतो, हेही त्याने सांगितलं. त्या वेळी माझ्याकडेच बघत होता.

खरं सांगायचं तर मला सल्ला नकोच होता. "छान आहे की हॉल, कशाला बदलता?" असं कोणीतरी म्हणावं, मी जरा लाजावं आणि नुसता रंग काढून मोकळं व्हावं, एवढीच इच्छा होती. ते वाक्य सोडून सगळी वाक्यं ऐकली.

एका मुद्द्यावर मात्र तिघांचं एकमत झालं: शोकेस काढा. मी छातीवर दगड ठेवला आणि दोन हमाल बोलावले. टी-सेट चोवीस वर्तमानपत्रांत गुंडाळला. हमालांनी शोकेस दारापर्यंत नेली, उभी धरली, आडवी केली, तिरकी केली, मग खाली ठेवून बिड्या ओढायला गेले. ती दारातून जाईना. तेव्हा मला आठवलं, की 1991 साली सुताराने ती याच खोलीत बसून केली होती. सव्वा महिना तो हॉलमध्ये रंधा मारत होता आणि आम्ही स्वयंपाकघरात झोपत होतो. ती कधी आत आलीच नव्हती, तर बाहेर कशी जाणार? हमालांनी ती जागेवर ठेवली, पैसे घेतले आणि जाताना तंजावरच्या बाहुलीला धक्का लागला. ती बराच वेळ नकारार्थी मान हलवत होती.

राहिला रंग. सोसायटीच्या इमारतीची दुरुस्ती चालू होती. बाहेर परांची आणि परांचीवरून खालपर्यंत हिरवी जाळी. चार महिन्यांसाठी लावलेली ती जाळी गणपतीतही होती, दसऱ्यालाही होती. दिवसा घरात मत्स्यालयासारखा उजेड पडायचा. या उजेडात मी भिंतीवर नऊ रंगांचे नऊ ठिपके मारून घेतले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नंबर घातला आणि येईल त्याला विचारू लागलो, "तुमचं काय मत?" दूधवाला, गॅस सिलेंडरवाला, समोरचे काका. खिशात वही होती, तीत मतं टिपत होतो. सात नंबर अकरा मतांनी निवडून आला. अतिशय शालीन, फिकट करडा. सभ्य माणसाच्या पँटसारखा.

रंगारी मात्र ठिपक्यांकडे न बघता खिडकीकडे बघत म्हणाला, "साहेब, आधी जाळी उतरू द्या. मग शेड ठरवा."

मला तो आळशी वाटला. दुसरीकडे काम लागलं असेल, म्हणून टाळतोय, असं मी हिला आत जाऊन सांगितलंसुद्धा. वहीत त्याचं मत लिहिलं नाही. कारण मी त्याला विचारलंच नव्हतं.

भिंतींचा हिशेब त्यानेच केला. दारं-खिडक्या सोडून चारशे चौरस फूट, एका लिटरला दोन हात साठ-पासष्ट फूट, म्हणजे साडेसहा लिटर. मी चारचे दोन डबे घेतले. मशीनवर शेड मारला, की दुकानदार डबा परत घेत नाही, तशी सूचना काउंटरवर लावलेली होती. मी ती चष्मा लावून वाचली आणि मान डोलावली. शोकेस पुन्हा कोण हलवणार, म्हणून तिच्या मागची भिंत तशीच पिवळी राहिली. रात्री दिव्यात रंग जरासा गुलाबी वाटला, पण भाचा म्हणाला, "तो दिव्याचा टोन, मामा." फॉल्स सीलिंग परवडलं नव्हतं, वॉर्म व्हाइटचे दोन बल्ब तेवढे त्याच्या समाधानासाठी लावले होते. दिवाळीचे चार दिवस मी मत्स्यालयात बसून करड्या भिंतींची तारीफ ऐकली. ती एकदाची ऐकायला मिळाली, हे नाकारत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी जाळी उतरली. मी पेपर वाचत होतो. आधी पेपर पांढरा झाला, मग ऊन आत आलं. ही चहा घेऊन आली ती दारातच थांबली. वहिनी थांबली होती तिथेच.

सबंध हॉल सोलकढीच्या रंगाचा झाला होता. त्याला गुलाबी म्हणणंसुद्धा सौम्य झालं असतं. आगळ जरा जास्त पडल्यावर होते, तशी सोलकढी. हिरव्या उजेडाने भिंतीतला गुलाबी मारून करडा केला होता, हे भाच्याने नंतर वर्तुळ काढून समजावलं. समोरचे काका आले, त्यांनी चारी भिंती पाहिल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "बालवाडी काढताय का?" काकांचं मत सात नंबरलाच होतं. वहीत तारखेसह आहे.

रंगाऱ्याला फोन करायचं धाडस मला झालं नाही.

परवा मी नर्सरीत जाऊन हिरवी शेडनेट मागितली. गॅलरीच्या मापाची. दुकानदाराने विचारलं, "पन्नास टक्के की पंचाहत्तर?"

तोंडून सवयीने निघून गेलं, "तुमचं काय मत?"

"झाड कोणतं आहे त्यावर आहे ते."

हॉलसाठी हवी आहे, असं सांगवेना. गुलाबी असं जे पहिलं आठवलं ते बोललो, "बोगनवेल."

"बोगनवेलीला नेट कशाला, काका? तिला जितकं ऊन लागेल तितका रंग चढतो."

मी पंचाहत्तर टक्क्यांची घेतली.