फुकटचं लंडन

अहो काकू, कढीपत्ता हवाय ना? मग इतकं दबकत कशाला, ती फांदी तशीही तुमच्याच आवारात आली आहे. तोडा भरपूर. नाही हो, धाकटी अजून आली नाही. दिवाळीत येते म्हणाली, तिकीट स्वस्त मिळालं तर. आणि काल भजनात तुम्हाला काय ऐकायला मिळालं म्हणे? लंडनच्या मासिकात नोकरी लागली, सगळं लंडन फुकटात बघून झालं, असंच ना? कुणी सांगितलं ते राहू द्या, मला कळलं. सगळंच खोटं नाही त्यात. पण ते ‘फुकट’ भलत्या ठिकाणी लावलंय. थांबा, दूध उतरवून येते.

हां. तर पहिलं म्हणजे ती नोकरी नाही, इंटर्नशिप. उन्हाळ्यापुरती उमेदवारी. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपल्या साताऱ्यात छत्र्या वाळत नाहीत तो काळ. मला आपलं वाटलं, सुट्टीच असेल, पोरगी चार पैसे जोडेल. पण तिच्या तिथल्या एका वर्षाच्या एमएला सुट्टी कुठली? बीएच्या पोरांना उन्हाळ्यात पूर्ण वेळ काम करता येतं. यांचा प्रबंध चालू, म्हणून विद्यार्थ्याच्या व्हिसावर आठवड्याला २० तासच. त्याच्यावर एक तास गेला तरी नियम मोडला. म्हणजे अडीच दिवस हापिस, उरलेले दिवस ग्रंथालय, आणि ग्रंथालयाच्या नावावर भटकंती. आई आहे मी, मला नाही कळायचं?

आता त्या फुकटाचं ऐका. मार्चपासून तिने अर्जांचा सपाटा लावला होता. एका गुळगुळीत कागदाच्या, नावाजलेल्या मासिकानं बोलावलं. नाव नाही सांगत. यायची वेळ ठरलेली, काम ठरलेलं, वर लक्ष ठेवायला बाई, आणि पगार? प्रवासखर्च. बाकी सगळा ‘अनुभव’. आमचे हे लगेच म्हणाले, ‘‘अगं, नाव केवढं आहे! घेऊन टाक.’’ मी म्हटलं, नाव काय भाकरीला लावून खायचं?

पोरगी आम्हा दोघांपेक्षा शहाणी. तिने कायदाच काढून वाचला. तिकडे असं आहे म्हणे, ठरल्या वेळी येऊन नेमून दिलेलं काम करता ना, मग तुम्हाला इंटर्न म्हणोत नाहीतर सरदार म्हणोत, किमान वेतन द्यावंच लागतं. सूट आहे ती नुसतं शेजारी बसून बघणाऱ्याला, किंवा ज्याच्या अभ्यासक्रमातच तसं काम सक्तीचं आहे आणि ते वर्षाच्या आत संपतं त्याला. धर्मादाय संस्थेत सेवा करणारे वेगळे. हिचं सक्तीचं नव्हतं. तिने सरळ मेल केली, पैसे किती देणार? त्या मेलचं उत्तर अजून यायचंय.

फाजीलपणा वाटतो तुम्हाला? मला नाही वाटत. लंडनात फुकट राबणं परवडतं कुणाला? ज्याच्या बापाचं तिथे घर आहे त्याला. मग मासिकांत शिरतात कोण, तर त्याच घरांतली मुलं, आणि पुढे महागाईवर लेखही तेच लिहितात. मी असं बोलल्यावर आमच्या ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

पुढे एका लहानशा मासिकानं घेतलं. प्रवास, घरं, खाणंपिणं असल्या विषयांचं. पगार किमान वेतनाचाच, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात एकवीस पूर्ण झालेल्यांना तासाला १२ पौंड २१ पेन्स होता. वीस तासांचे २४४ पौंड झाले. हो, आपले तेव्हा अठ्ठावीस हजारांच्या घरात जात होते, आठवड्याला. डोळे मोठे करू नका, खोलीचं भाडंच त्यातले बहुतेक गिळतं. उरल्यात ती मसूर शिजवते.

मी पहिल्या दिवशी काय विचारलं असेल? ‘‘चहा करायला लावतात का गं?’’ तर म्हणे हो, पण पाळीपाळीनं. ज्याला तल्लफ आली त्यानं उठायचं, सगळ्यांना विचारायचं आणि सगळ्यांचा करायचा. संपादकबाईसुद्धा उठतात. त्यांचा चहा सगळ्यात पांचट, पिशवी बुडवली न बुडवली की बाहेर. पण संपादकानं केलेला चहा आपल्या पोरीच्या पुढ्यात येतो हे ऐकून मला बाई बरं वाटलं.

लेखबिख लिहायचं म्हणाल तर विसरा. मुलाखती मोबाइलवर घेतलेल्या असतात, त्या ऐकून ऐकून टाइप करायच्या. फोटोओळी लावायच्या. आणि खरं काम पडताळणीचं. लेखात ‘हे उपाहारगृह सोमवारी बंद’ असं असेल तर फोन लावून विचारायचं, बाबा, सोमवारी बंद ना? अमक्याच्या आडनावात एक ‘टी’ की दोन? पूल बांधल्याचं साल बरोबर आहे का? लिहिणारा कितीही मोठा असो, शंका आली की पेन्सिलीनं खूण करायची. मोठे लोक चिडतात, मग रात्री दुरुस्ती करून पाठवतात. आमचे मामंजी आठवतात ना? छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, मग लग्न कुणाचं ते. नात सरळ त्यांच्यावर गेली.

आणि एक गंमत. भर जुलैत, बाहेर लोक ऊन खात पडलेत, आणि हापिसात नाताळच्या केकचे फोटो निवडणं चाललंय! मोठमोठी दुकानंही म्हणे जुलैतच नाताळचा माल मांडून मासिकवाल्यांना बोलावतात. हे खो खो हसले. मी म्हटलं, हसता काय, आपले दिवाळी अंक कधी तयार होतात? श्रावणात लेखकांच्या मागे लागायचं, गणपतीत जाहिराती गोळा करायच्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादकाची दिवाळी पावसातच होते.

आता बघण्याचं. इथे मात्र भजनातल्या बायकांचं खरं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, टेट मॉडर्न, कायमची दालनं बघायला तिकीट नाही. खास प्रदर्शन असेल तर पैसे मोजा. बसला २०२५ मध्ये १ पौंड ७५ पेन्स होते, आणि तेवढ्यात तासाभरात कितीही बसा बदला. जूनअखेर सूर्य मावळतो नऊ वाजून गेल्यावर, म्हणजे हापिस सुटल्यावरही अख्खी दुपार शिल्लक. वेस्टमिन्स्टर ॲबेला मात्र तीसेक पौंड. हो ना, देवळात तिकीट! पण सायंप्रार्थनेला जाणाऱ्याला तिकीट नसतं. हिंडू देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, बसून गाणं ऐकायचं. ही गेली आणि बसली. मी म्हटलं, कळलं तरी का काही? म्हणाली, आई, कीर्तनाला येणाऱ्या पाहुण्यांना तरी कुठे सगळं कळतं?

मासिकात शिरल्यावर बघण्यातही तोच किडा. क्लर्कनवेल भागात सेंट जॉन्स गेट म्हणून १५०४ सालची दगडी वेस आहे. तिथून १७३१ मध्ये एडवर्ड केव्हनं ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं. ‘मॅगझिन’ नाव लावणारं ते पहिलं. त्यात पुढे सॅम्युएल जॉन्सन लिहायचा, तोच तो कोशकार. पार्लमेंटमधली भाषणं छापायला तेव्हा बंदी होती. मग यांनी काय करावं? ‘लिलिपुट’ नावाच्या देशातल्या सभेचे वृत्तांत म्हणून छापायला लागले! आणि जॉन्सन सभागृहात जवळजवळ गेलाच नाही. कुणीतरी आणलेल्या तुटक टिपणांवरून घरी बसून भाषणं रचायचा, आणि लोक ती मंत्र्यांचीच म्हणून वाचायचे. आमच्या पडताळणीवाल्या बाईला हे वाचून झोप लागली नाही. तिथून ती फ्लीट स्ट्रीटला गेली, जॉन्सनचं घर मागच्या गल्लीत आहे, १७५५ चा कोश त्यानं तिथेच केला. चौकात त्याच्या मांजराचा पुतळा, पायाशी कालवांचे शिंपले. मांजराला तो स्वतः कालवं आणायचा म्हणे. एके काळी वर्तमानपत्रांनी गजबजलेल्या त्या रस्त्यावर आता एकाही मोठ्या पेपरचं हापिस नाही. सगळे वकील आणि बँका.

आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट! वाघनखं त्यांचीच ना. २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी इकडे आली, आपण इथल्या म्युझियममध्ये रांगेत उभ्या राहिलो होतो, तुमचा गुडघा दुखत होता. ही तेव्हा इथेच होती, तिने आपल्याबरोबरच पाहिली. तर लंडनात तिला पुण्याचं एक कुटुंब भेटलं, दालनादालनांत वाघनखं शोधत होतं. पोरगी म्हणाली, ‘‘काका, ती तुमच्या आधी महाराष्ट्रात पोचलीत, आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होती.’’ त्या काकांचा चेहरा बघायला पाहिजे होता म्हणे.

पण तिचं डोकं भलतीकडेच. वाघनखांच्या डबीवर इंग्रजीत काय कोरलंय ते तिने म्युझियमच्या नोंदीतून काढलं. शिवाजीनं मोगल सरदाराला मारलं ते हे हत्यार, ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानानं त्याला दिलं, असा मजकूर. आता मला सांगा, अफझलखान मोगल होता? विजापूरचा, आदिलशाहीचा! चौथीतल्या पोराला विचारा. फोटोओळीतच चूक, आणि तीही डबीवर कोरलेली, पेन्सिलीनं खूण करायची सोय नाही. म्युझियम स्वतः मात्र सांभाळून बोलतं. हीच ती १६५९ मध्ये प्रतापगडाखाली वापरलेली, असं खात्रीनं सांगता येत नाही म्हणतं. आपल्याकडे यावर केवढं भांडण झालं, आठवतं ना? मला विचाराल तर माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ लिहिणारा बरा. हे आता तुमच्या घरी सांगू नका, भाऊजी माझ्याशी बोलायचे नाहीत.

लंडनातच प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडला दहा नंबरचं घर आहे, तिथेही ती जाऊन आली. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं. ‘मूकनायक’ १९२० च्या जानेवारीत सुरू केलं आणि त्याच वर्षी ते शिकायला लंडनला गेले. पाक्षिक मागे दुसऱ्यांच्या हाती सोडून. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे, उघडताना आत, बंद होताना बाहेर. या घराबद्दल ती फोनवर फार बोलली नाही. फक्त म्हणाली, मसुरीची तक्रार पुन्हा करणार नाही.

ब्रायटनलाही जाऊन आली, समुद्र बघायला. वाळूच नाही हो, नुसते गोटे! चपला काढून चालवेना. पण तिथे तिला पाटण्याहून गेलेल्या दीन महंमदाची गोष्ट मिळाली. त्यानं १८१० मध्ये लंडनात हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढलं, ते बुडालं. मग ब्रायटनला जाऊन चंपी-मालिशचा धंदा काढला, तो इतका चालला की दोन राजांचं मालिश त्याच्याकडे. हॉटेल बुडालं तर काय करायचं, आपल्या पोरांनी त्याच्याकडून शिकावं. तिने यावर दोन पानांचा मजकूर करून संपादकबाईंना दिला. त्यांनी सव्वाशे शब्द ठेवले, बाकी कापलं. चौकटीत छापून आला, बिननावाचा. नाव आलंय ते मागच्या पानावर, सगळ्यांच्या खाली, इतक्या बारीक अक्षरात की ह्यांनी भिंग आणलं. आता ते पान कपाटाच्या काचेला आतून चिकटवलंय. या, बघून जा.

आणि हो, तुमचा नातू पुढच्या वर्षी जाणार आहे ना? त्याला रविवारी संध्याकाळी पाठवा, तिचा फोन असतो, तिच्याशीच बोलू दे. अर्ज मार्चच्या आधी सुरू करायला सांगा, एमएचे २० तास ध्यानात ठेवायला सांगा. आणि बोलावणं आलं की आधी पैसे विचारायचे, मग मासिकाचं नाव.