सतरा जणांचं परराष्ट्र धोरण

एका माणसाला परदेशी जायचं असेल तर पासपोर्ट लागतो. सतरा जणांना एकत्र जायचं असेल तर परराष्ट्र खातं लागतं. आमचं खातं दर रविवारी संध्याकाळी मोशीत, भारतमाता चौकापासून जरा आत, दादाच्या गच्चीवर भरतं. चिखलीहून ताई आणि दाजी येतात, भोसरीहून काका-काकू येतात. धाकटा चाकणहून सगळ्यांत शेवटी येतो आणि आल्यावर तळेगाव चौकात किती वेळ अडकलो, याचं सविस्तर निवेदन करतो. ते संपलं की चहा येतो आणि जगाचे तुकडे पाडायला सुरुवात होते.

हे सगळं आजीच्या सहस्रचंद्रदर्शनामुळे झालं. कार्यक्रम छान झाला, जेवण उत्तम झालं, आणि पोट भरलेल्या अवस्थेत दादानं माइक हातात घेऊन जाहीर केलं की आता आजीला घेऊन सगळे परदेशी जाणार. टाळ्या पडल्या. कुठल्या देशात, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

पहिला अडथळा आला तो वयाचा. पासपोर्टचे अर्ज भरायला घेतले तेव्हा लक्षात आलं की काका, आत्या आणि थोरले मामा असे तिघंही वेगवेगळ्या वर्षांच्या एकाच तारखेला, म्हणजे १ जूनला जन्मलेले आहेत. जुन्नरकडच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या गावाला तीच तारीख वाटली होती. आजी शाळेत गेलीच नव्हती, म्हणून तिच्या आधारकार्डावर १ जानेवारी. आमच्या घराण्यात शाळेत गेलेले १ जूनचे आणि न गेलेले १ जानेवारीचे. आजीला मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात नेऊन आणलं, तर मोशी ते मुंढवा आणि परत, एवढ्या प्रवासानं ती इतकी दमली की घरी येऊन म्हणाली, "झालं ना रं आता? का अजून जायचंय?"

मग देश खोडायला सुरुवात झाली. सगळ्यांना एकत्र पसंत पडेल असा देश या पृथ्वीवर नाही, हे लवकरच कळलं. त्यामुळे जो कोणालाच नापसंत नाही, असा देश शोधायचा होता.

थायलंड सगळ्यांत आधी गेला. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला, हे दादाला, दाजींना आणि धाकट्याला महिना-वर्षासकट पाठ होतं. तिघा पुरुषांची एवढी एकजूट घरात पूर्वी कधी दिसली नव्हती. ती बघून वहिनींनी कारण न देता तो देश जागच्या जागी खोडला आणि तिघांपैकी एकानंही कारण विचारलं नाही.

दुबईला मोशीत आता कोणी परदेश मानत नाही. जपानचा पुतण्याला फार सोस, पण काका माळकरी. तिथं साध्या भाजीच्या सुपातसुद्धा दाशी नावाचं माशाचं पाणी असतं, हे पुतणीनं वाचून दाखवलं आणि काकांचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडं गेला. व्हिएतनाम धाकट्याला आवडला होता, कारण एका रुपयाला सुमारे तीनशे डाँग मिळतात. "दहा हजार रुपये बदलले की आपण तिथं तीस लाखांचे मालक!" तो म्हणाला. "आणि वडापाव केवढ्याला?" दाजींनी विचारलं. हिशोब केल्यावर श्रीमंती तिथंच उतरली.

नेपाळ जवळजवळ ठरला होता. पशुपतिनाथाचं नाव काढताच आजीनं हात जोडले. शिवाय तिथं जायला पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना आधारकार्ड चालतं. बाकीच्यांना मात्र पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र हवं. म्हणजे म्हातारी माणसं आणि पोरं आधारावर, मधली पिढी निराधार. पण पुतण्यानं हरकत घेतली, "नेपाळमध्ये आपल्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. शिक्का नाही तर परदेश कसला?" भूतानची फाइल काकांनी बंद केली. भारतीय पाहुण्याला तिथं माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, हे ऐकून त्यांनी मनातल्या मनात सतरानं गुणलं आणि म्हणाले, "डोंगर बघायचे पैसे? भंडारा डोंगर फुकट आहे की!"

युरोप मात्र सहजासहजी मरेना. वहिनींच्या भिशीतल्या तिघींचे स्वित्झर्लंडच्या टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी उभे राहिलेले फोटो आहेत, आणि भिशीत उरलेल्यांना ते दर महिन्याला नव्यानं दाखवले जातात. दादानं त्यावर युंगफ्राउयोखचा उतारा काढला. ३,४५४ मीटरवर युरोपातलं सगळ्यांत उंच रेल्वे स्टेशन, १९१२ पासून तिथवर गाडी जाते, आणि वर बॉलिवूड नावाचं भारतीय जेवणाचं हॉटेलसुद्धा आहे. आजीनं शांतपणे विचारलं, "एवढ्या वर जाऊन आमटी-भातच खायचा, तर मपलं घर काय वाईट हाय?"

तरी युरोप पडला तो काकांच्या बोटांमुळे. तिकडच्या व्हिसाला दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. काकांनी सारी उमर भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर काढली. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा चार-चारदा टेकवूनही लागत नाही. "माझ्या रेषा जॉबवर गेल्या," ते हसत म्हणाले. "त्या गाड्यांच्या पार्टांबरोबर कधीच युरोपात पोचल्या असतील." यावर कोणी काही बोललं नाही आणि वहिनींनी स्वतःहून युरोप मागे घेतला.

एव्हाना दाजींना राहवेना. ते चाकणमध्ये क्वालिटीत आहेत. जर्मनीला कंपनीतर्फे जाऊन आलेत. तिथलं त्यांना हॉटेल ते प्लान्ट आणि प्लान्ट ते हॉटेल एवढंच माहीत आहे. त्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सहलीचा एफएमईए मांडला. कंपनीत एखादा पार्ट कुठं बिघडू शकतो हे आधीच ताडायला हा तक्ता करतात: बिघाडाची तीव्रता किती, तो किती वेळा होतो, आणि तो वेळेत ओळखता येतो का. प्रत्येकाला एक ते दहा गुण. ओळखणं जितकं अवघड तितका आकडा मोठा. तिन्हींचा गुणाकार जास्त, तिथं धोका जास्त. धाकट्याचं उशिरा येणं: तीव्रता आठ, वारंवारता दहा, पण तो उशिरा येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक, म्हणून ओळखण्याला एक. एकूण ८०. आजीचे गुडघे: सात, पाच, दोन. एकूण ७०. आणि तक्त्यात सगळ्यांत वर, लाल रंगात: काकूंचं रुसणं. तीव्रता नऊ, वारंवारता सहा, आणि त्या रुसल्यात हे कोणालाही वेळेत कळत नाही, म्हणून ओळखण्याला दहा. एकूण ५४०.

काकू समोरच बसल्या होत्या. तो रविवार तिथंच संपला. त्यांना राग आलाय, हे काकांना मात्र मंगळवारी कळलं. दाजींचं म्हणणं, तक्ता बरोबर होता हेच यातून सिद्ध झालं.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. देशाबद्दल कोणी बोलतच नव्हतं. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक श्रोता होता. वहिनींना भिशीत उत्तर द्यायचं होतं. पुतण्याला वर्गात शिक्का दाखवायचा होता. दाजींना प्लान्टमध्ये सांगायचं होतं की ऑडिट नसतानाही माणूस विमानात बसू शकतो. आजीचं भजनी मंडळ होतं. तिथं आळंदी, पंढरपूर, काशी सगळ्यांचं झालेलं, त्यामुळे तिथं बर्फ सांगून भागणार नव्हतं. आम्ही कुठं जायचं हे ठरवत नव्हतो. परत आल्यावर कोणाला काय सांगायचं, ते ठरवत होतो.

हे कळल्यावर मॉरिशस सापडायला वेळ लागला नाही. मुंबईहून थेट विमान, व्हिसा आधी काढायची कटकट नाही, शिक्का मिळतो. पुतणीनं वाचायला घेतलं: तिथं मराठी माणसांची वस्ती आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ग्राँ बासँ नावाचं तळं आहे, त्याला गंगा तलाव म्हणतात; काठावर महादेवाची १०८ फुटी मूर्ती आहे, आणि महाशिवरात्रीला बेटभरची माणसं तिथं पायी जातात.

"पायी?" आजी पुढं सरकली. आळंदीच्या वाटेवर राहणाऱ्या बाईला देव किती उंच आहे यापेक्षा माणसं किती चालतात, याचं जास्त मोल. "मग चांगली माणसं असत्याल."

काकांनी विचारलं, मराठी लोक तिकडं कसे काय? पुतणीनं सांगितलं, १८३४ पासून ऊसमळ्यांवर कराराच्या मजुरीसाठी हिंदुस्थानातून माणसं नेली. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. पोर्ट लुईच्या बंदरात ते उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही पोटासाठी जुन्नरहून भोसरीला उतरलो. त्यांची गाडी जरा पुढं गेली एवढंच. बघून येऊ कसे राहतात."

ठराव जवळपास मंजूर झाला होता. तेवढ्यात धाकट्यानं खर्च वाचवायची युक्ती काढली. हॉटेल नको, समुद्रासमोर मोठे व्हिले मिळतात, किचनसकट. दादा खूश. "कणीक, मसाले आपण इथूनच नेऊ. बाहेरचं खायचं कामच नाही." दाजींनी खर्चाचा रकाना हिरवा केला.

गच्चीवर अचानक शांतता पसरली. आधी वहिनी उठल्या. "म्हणजे विमानानं जायचं आणि सतरा माणसांच्या पोळ्या लाटायच्या? मग परत येऊन भिशीत सांगू काय? मॉरिशसच्या शेगडीचा बर्नर मोठा आहे म्हणून?" त्यांच्यामागं ताई, आमची ही, धाकट्याची बायको, आणि ५४० गुणांनिशी काकू. आजीनंही मान डोलावली. व्हिला एकमतानं बुडाला. टूर कंपनी, तीन वेळचं जेवण आणि टूर मॅनेजर, हे तीन मुद्दे चर्चेविना मंजूर झाले.

उरली तारीख. महाशिवरात्रीला जावं तर तेव्हा इथं नागेश्वर महाराजांचा उत्सव, दिवाळीत तिकिटं महाग, कार्तिकीला काका आळंदी सोडत नाहीत, आणि भाचीची दहावी. शेवटी दाजींच्या कंपनीच्या शटडाऊनशी जुळणारा मे उरला. तेव्हा तिकडं थंडीची चाहूल लागलेली असते, म्हणून काकूंनी स्वेटरची लोकर आणली आहे.

विमान एकच असणार आहे, पण त्यातून मोशीला पाच-सहा मॉरिशस परत येतील, आणि त्यांतलं एकही दुसऱ्याशी जुळणार नाही. भजनी मंडळात आजीनं महादेवाची उंची आत्ताच वाढवून सांगितल्याचं कळतं.

पुढच्या रविवारचा विषय आहे, खिडकी कोणाला. दाजींनी तक्ता सुधारून ठेवलाय. काकूंच्या रुसण्याची तीव्रता तीच, वारंवारताही तीच. पण ओळखण्याचा आकडा दहावरून एकवर आला आहे, कारण काकू आता आधी जाहीर करून रुसतात. ५४० चे ५४ झाले. चाकणला कंपनीत एवढ्या सुधारणेवर बक्षीस मिळतं.