बूटलोडर : बिघाड व दुरुस्ती (बोईसर परिसरापुरते)

बटण दाबल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्कवरून उचलून मेमरीत आणून बसवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. जुन्या पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत राहत असे. त्यातले ४४६ त्याचे, पुढच्या ६४ मध्ये डिस्कच्या वाटण्यांचा सातबारा आणि शेवटी दोन बाइटांची सही. नव्या यूईएफआय पद्धतीत त्याला साधारण १०० एमबीचे वेगळे पार्टिशन मिळते. ते फॅट३२ प्रकारचे असते आणि एरवी कुठेही दिसत नाही. बूटलोडर दुकानात विकत मिळत नाही, त्याला वॉरंटी नसते आणि पाहुण्यांना तो दाखवता येत नाही. असेंबल्ड कॉम्प्युटरच्या मालकाचे त्याच्याकडे दुर्लक्ष होते ते या तिसऱ्या कारणामुळे.

असेंबल्ड कॉम्प्युटरचा मालक (प्रस्तुत लेखक याच जातीतला) ब्रँडेड कॉम्प्युटर घेणाऱ्यांकडे दयेने पाहतो. त्याच्या कॅबिनेटला एका बाजूने काच असते. आतले पंखे सात रंगांत उजळतात, रॅमच्या पट्ट्याही उजळतात. दिव्यांमुळे रॅमचा वेग वाढत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी बिनदिव्यांची रॅम तो घेत नाही. सोसायटीतले अडलेले प्रिंटर तोच चालू करून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो, आणि ‘लॅपटॉप म्हणजे काय, नुसता डबा!’ हे प्रवचन पूर्ण केल्याशिवाय उठत नाही.

सुटे भाग हल्ली घरपोच येतात, पण अस्सल मालकाने ते लॅमिंग्टन रोडवरूनच आणलेले असतात. बोईसरहून विरार, विरारहून ग्रँट रोड, आणि परतीच्या गर्दीत मदरबोर्डचे खोके तान्ह्या मुलासारखे छातीशी. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला, दुकानदाराला आणि खुद्द गिऱ्हाइकालाही ते सांगून उपयोग नसतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, आणि चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला तिकडचा लॅमिंग्टन केक त्याच्याच नावाने ओळखला जातो. काही जण श्रेय त्याच्या पत्नीला देतात. पुढे १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे बसलेला म्हातारा लॅमिंग्टनही जखमी झाला. म्हणजे केक, क्रांतिकारकाची गोळी आणि ग्राफिक्स कार्डांचा बाजार, तिन्ही एका माणसाच्या खात्यावर. बूटलोडरशी याचा काहीही संबंध नाही. परंतु ग्रँट रोडहून परतताना शेजारच्या प्रवाशाला हे सांगितल्याखेरीज मालकाला पालघर ओलांडता येत नाही.

बूटलोडर बिघडण्याची कारणे अनेक आहेत. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील तर एकाचे अपडेट दुसऱ्याची वाट अडवते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जगभरच्या अशा अनेक जोडघरांत हेच केले. स्थानिक कारण मात्र वीज. फॅट३२ मध्ये अर्धवट राहिलेल्या नोंदी सावरून घेणारी रोजनिशी नसते, त्यामुळे अपडेट चालू असताना वीज गेली की हे पार्टिशन विस्कटू शकते. पावसाळ्यात वीज जाते हे कोकणच्या माणसाला नवे नाही. पण देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले ते इथे, तारापूरला. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आहेत. ज्यांची घरे त्यात गेली त्यांच्या पंचक्रोशीत संध्याकाळी मेणबत्ती शोधावी लागते, यावर विनोद करता येतो, आणि सगळे करतातही. तो ऐकून अक्करपट्टीचा माणूस हसेलच असे नाही.

लक्षणे अशी. पंखे फिरतात, साती रंग उजळतात, काचेतून वैभव दिसते. पडद्यावर मात्र काळोख आणि बूट डिव्हाइस सापडत नसल्याची एक पांढरी ओळ. घाबरण्याआधी बायोसमध्ये जावे. तिथे घड्याळ भलतेच वर्ष दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सेल संपला आहे आणि सेटिंग्ज मूळपदावर गेली आहेत. तो घड्याळाच्या दुकानात मिळतो. डिस्कचे नावच दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क तपासावी. नाव दिसते आणि तरीही सिस्टिम सुरू होत नाही, तेव्हा संशय बूटलोडरवर घ्यावा.

या टप्प्यावर कोणीतरी ‘फॉरमॅट मारून टाका’ असे सांगतो. मुळीच मारू नये. बूटलोडर गेला म्हणजे डिस्कवरचे काही गेलेले नसते. तिथवर नेणारा तेवढा गेला. चिंचणीच्या किनाऱ्यावर धोतर सावरत उभ्या असलेल्या वडिलांचा एकमेव हसरा फोटो त्याच डिस्कवर, ‘न्यू फोल्डर’ नावाच्या फोल्डरमध्ये, जिथल्या तिथे असतो. वडील नसतील तर हे वाक्य दोनदा वाचावे.

दुरुस्तीला विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागतो, आणि तो बनवायला दुसरा, चालू कॉम्प्युटर लागतो. घरात असा एकच असतो : बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप. तो मागताना मालकाने आवाज खाली ठेवावा. ‘डबा हवाय का?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नये.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे ‘बूटरेक’ची फिक्सबूट आज्ञा दिल्यास पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असे उत्तर येते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने जोडलेल्या यंत्राकडून ते ऐकताना अपमान होतो. तो गिळावा आणि पुढे जावे. ‘डिस्कपार्ट’मध्ये ते छोटे फॅट३२ पार्टिशन शोधून त्याला एस हे अक्षर द्यावे. मग ‘बीसीडीबूट’ला विंडोजचे फोल्डर आणि एस ड्राइव्ह दाखवून यूईएफआय पद्धतीच्या फाइल्स नव्याने लिहायला सांगावे. इथे सी ड्राइव्ह कधी कधी डी या नावाने दिसतो, म्हणून आज्ञा देण्याआधी आत डोकावून पाहावे. फाइल्स तयार झाल्याची एक ओळ उमटते. बाकी काही सोहळा होत नाही.

पुन्हा सुरू करण्यापूर्वी पेनड्राइव्ह काढून घ्यावा. तो तसाच राहिला तर कॉम्प्युटर पुन्हा इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर जाऊ शकतो, आणि लॅपटॉप तोवर ऑफिसला गेलेला असतो.