स्पेसर कसले मोजता?

रोड बाईकला स्टँड लावलेला दिसला की आपल्याकडच्या काही सायकलस्वारांना जेवढा त्रास होतो, तेवढा सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्याचाही होत नाही. रविवारी सकाळी खडकवासल्याला धरणापाशी थांबा आणि ऐका. भिंतीला टेकवलेल्या सायकली, हातात चहा, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक सायकलची झडती. माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या सायकलला नावं ठेवून झालेली असतात.

‘काका, ती घंटी काढा आता.’ ‘मडगार्ड? दूध घालायला निघालात का?’ ‘एवढे स्पेसर? सायकल आहे की क्रेन?’

हसतात सगळे. ज्याची सायकल आहे तोही हसतो, कारण पहिल्याच दिवशी तोंड वाकडं कोण करणार? पण घरी गेल्यावर तो सायकलकडे वेगळ्या नजरेने बघतो. महिनाभर चौकशी करून, घरच्यांची समजूत घालून, हप्त्यांवर घेतलेली सायकल त्याला एकाएकी गबाळी वाटायला लागते. काही जण पुढच्या रविवारी येत नाहीत. त्यांची चौकशी कोणी करत नाही, कारण नाव कोणाला माहीतच नसतं.

ही गंमत नाही. हा उद्धटपणा आहे, आणि सायकलिंगचं भलं चिंतणाऱ्यांनी तो बंद करायला हवा.

स्पेसरचंच घ्या. हँडल वर उचलायला स्टेमखाली, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याखाली, ज्या चकत्या घालतात, त्या म्हणजे स्पेसर. शर्यतीत उतरणाऱ्या गड्याच्या सायकलवर त्या जवळजवळ नसतात. हँडल खाली, पाठ आडवी, वाऱ्याचा अडथळा कमी. त्यावरून आपल्याकडे हिशेब रूढ झाला की चकत्या जितक्या कमी, तितका माणूस पक्का. पण पंचवीस-तीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केलेल्या माणसाची कंबर या हिशेबात कुठे बसते? त्याने चकत्या काढल्या तर आधी तळहाताला मुंग्या येतात, मग मान धरते आणि शेवटी सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येते.

मान किती महत्त्वाची, हे लांब पल्ल्याच्या लोकांना विचारा. ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर जाणारी शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटरची. १९८३ मध्ये या शर्यतीत मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू इतके थकले की त्याला डोकं वर धरता येईना. अतिलांब पल्ल्याच्या सायकलिंगमधलं ते दुखणं आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणून ओळखलं जातं आणि ते टाळण्याचा एक साधा उपाय म्हणजे हँडल वर घेणं. याच शर्यतीत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अंतर पूर्ण केलं. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. हा पल्ला मारणाऱ्याची पाठ, मान आणि हात यांचं जमलं की सायकल जमली. चहाच्या टपरीवरून कोणी काय म्हणेल, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

आता ज्या ज्या गोष्टींना कुरूप म्हटलं जातं त्यांची जरा उजळणी करू. स्टँड, घंटी, मडगार्ड, कॅरिअर, चाकातले रिफ्लेक्टर, सीटखालची पिशवी, उंच हँडल, साधी पॅडल. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी गरजेची आहे. मडगार्ड पावसाळ्यात कामावर जाणाऱ्याला लागतं. कॅरिअर डबा आणि लॅपटॉप नेणाऱ्याला लागतं. साधी पॅडल ज्याला बुटाला क्लीट लावून पाय अडकवायची भीती वाटते त्याला लागतात, आणि सिग्नलला सतरा वेळा थांबावं लागणाऱ्या शहरात ती भीती शहाणपणाची आहे. आणि ज्याला सुंदर म्हटलं जातं ते काय? कार्बनची खोल रिम, वायर दिसू न देणारं हँडल, वरच्या दर्जाचा इलेक्ट्रॉनिक ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच. नुसत्या चाकांच्या जोडीला लाखाच्या वर मोजावे लागतात. दिसण्याच्या नावाखाली किंमत बोलते आहे. चांगल्या घरातल्या माणसाने दुसऱ्याच्या बुटांची किंमत चारचौघांत काढली तर आपण त्याला असंस्कृत म्हणतो. सायकलच्या बाबतीत मात्र त्याला जाणकार म्हणतो.

बरं, पैसे मोजून मिळतं किती? जागतिक सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवलेलं आहे. सुरुवातीच्या किमतीची ॲल्युमिनियमची रोड बाईक दहाच्या आसपास भरते. ऐंशी किलोच्या माणसाखाली तीन किलोचा फरक म्हणजे एकूण वजनात साडेतीन टक्केही नाही. तासाभराच्या चढावर दोनेक मिनिटं. शर्यत लढणाऱ्याला ती दोन मिनिटं सर्वस्व आहेत, हे मान्य. वर पोहोचून झुणका-भाकर खाणाऱ्याला त्या दोन मिनिटांचं काय करायचं आहे?

सौंदर्य बघूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. सायकल ही देखणी वस्तू आहे. बियांकीचा तो निळसर हिरवा चेलेस्ते रंग बघून पाय थबकतात. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले ती अर्नेस्तो कोल्नागोने बनवलेली नारिंगी सायकल छायाचित्रात पाहिली तरी तिच्या बारीक नळ्यांवरून नजर हटत नाही. एखाद्याने जुनी स्टीलची फ्रेम शोधून काढावी, रंगवावी, हँडलची टेप मनासारखी गुंडाळावी, हे प्रेम आहे आणि ते मला फार आवडतं. आपली सायकल सजवा, तिच्यापुढे तासभर बसून राहा. दुसऱ्याची आवडली तर तोंड भरून सांगा. नाही आवडली तर चहा प्या.

नावं ठेवणाऱ्यांचं पोथीसारखं एक पुस्तकही आहे. वेलोमिनाती नावाच्या सायकलवेड्यांच्या गटाने ‘द रूल्स’ नावाची नियमावली केली, २०१३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. सीटखाली पिशवी नको, सीट-हँडल-टायर यांचे रंग कसे जुळावेत, फोटो काढताना सायकल कशी उभी करावी, असे नियम त्यात आहेत. लिहिणाऱ्यांनी त्यात भरपूर मस्करी मिसळली होती. आपल्याकडच्यांनी मस्करी गाळली आणि हुकूम तेवढे ठेवले. म्हणून पानशेतच्या रस्त्याला असा देखावा दिसतो की बिनपिशवीच्या सुंदर सायकलचं चाक बसलं आहे आणि मालक हात करून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ट्यूब मागतो आहे. ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप ज्याच्याकडे असतात तो पिशवीवालाच असतो. तो थांबतो. देतो. हवाही भरून देतो.

बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड महाराष्ट्रात आता अनेक शहरांतून होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. या राइडमध्ये रात्री पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकणारं जाकीट नसेल तर निघू देत नाहीत. वाटेत बिघाड झाला तर निस्तरायचा आपला आपण. म्हणजे टपरीवर ज्या सामानाची थट्टा होते, त्यातल्या बऱ्याचशा सामानाशिवाय इथे निभाव लागत नाही. याच परंपरेतली सर्वांत जुनी राइड म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती चार वर्षांतून एकदा होते, अंतर १,२०० किलोमीटर, कमाल मुदत ९० तास. तिथे स्टीलच्या फ्रेम, मडगार्ड, चाकाच्या तुंब्यात बसवलेला डायनॅमो, पुढे मोठी कापडी पिशवी अशा सायकली कार्बनच्या बरोबरीने धावतात. आडवं झोपून चालवायच्या सायकलीही असतात. त्यांना कोणी फाटकावरून परत पाठवत नाही.

आणि ज्यांना ‘खरी रोड बाईक कशी दिसते’ हे पक्कं ठाऊक आहे, त्यांनी थोडा इतिहास वाचावा. सायकलच्या प्रत्येक सुधारणेला आधी हसून घेतलेलं आहे. १८८९ मध्ये बेलफास्टच्या मैदानात विली ह्यूम डनलॉपचे हवेचे टायर लावून उतरला, तेव्हा त्या फुगीर टायरांची टर उडवली गेली. त्याने शर्यती जिंकल्या. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणारा डिरेलर १९३७ पर्यंत चालत नव्हता. गिअर म्हणजे कमकुवत माणसाचं काम, अशी समजूत होती. १९८९ च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता. त्याने ट्रायथलॉनवाल्यांचं, हात पुढे जोडून धरायचं हँडल लावलं होतं. रोड रेसिंगमधल्या लोकांना ते विचित्र वाटे. साडेचोवीस किलोमीटरमध्ये त्याने ती पिछाडी भरून काढली आणि टूर आठ सेकंदांनी जिंकली.

ग्रॅहम ओब्री तर माझा आवडता माणूस. स्कॉटलंडच्या या गड्याने स्वतः सायकल बनवली, तिच्यात धुलाई यंत्राचं बेअरिंग वापरलं, हात छातीखाली दुमडून धरायची नवीच बैठक शोधली. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामारला त्याने तासात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने तो मोडला. पुढच्या वर्षी ओब्रीने पुन्हा मिळवला, आणि त्यानंतर यूसीआयने त्या बैठकीवरच बंदी आणली. त्याची सायकल देखणी नव्हती. आपल्या टपरीवर ती आली असती तर तिला भिंतीला टेकायला जागाही मिळाली नसती.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलंच बघायचं तर फ्रेमची वरची नळी बघा. ती जमिनीला समांतरच हवी, असा कडक दंडक होता. माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी मागे उतरत जाणारी नळी आणली तेव्हा अनेकांना ती बालसायकल वाटली. आज टपरीवर टेकवलेल्या सायकली मोजा, बहुतेकींची नळी उतरती निघेल. टायरचंही तेच. पंधरा वर्षांपूर्वी २३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर लावणाऱ्याला ‘एमटीबी आणलीस का’ असं विचारलं जाई. आज व्यावसायिक संघ २८ आणि ३० वर धावतात, कारण खडबडीत रस्त्यावर रुंद टायर, कमी हवा हे अधिक वेगवान ठरलं. तेव्हा हसलेल्यांनी आता तेच टायर घेतले आहेत. ज्याला हसले त्याला कोणी सांगायला गेलं का, की तुझं बरोबर होतं?

बायकांच्या वाट्याला हे दुप्पट येतं. १८९३ मध्ये सोळा वर्षांची टेसी रेनॉल्ड्स ब्रायटनहून लंडनला जाऊन त्याच दिवशी परत आली, पुरुषी सायकलवर, गुडघ्याशी आवळलेली तुमान घालून. चर्चा तिच्या दमाची व्हायची ती तुमानीचीच जास्त झाली. आजही ग्रुपमध्ये एखादी बाई साध्या पंजाबी ड्रेसवर, पुढे टोपली लावलेली सायकल घेऊन आली की नजरा आधी टोपलीकडे आणि मग ओढणीकडे जातात. ती पहाटे घरचं सगळं आवरून इथवर आली, याकडे नाही.

शेवटी त्यांच्याबद्दल, ज्यांना आपण सायकलिस्टच म्हणत नाही. नांदेड फाट्याच्या बाजूने रात्रपाळी संपवून येणारा वॉचमन, पेपर टाकणारा मुलगा, पाठीला गवंडीकामाचं सामान बांधलेला माणूस. त्यांच्या हर्क्युलीस, ॲटलास, हिरो आपल्या चकचकीत घोळक्याला वाट देत, रस्त्याच्या कडेच्या मातीतून जातात. आपल्या वर्षभराच्या रविवारांत होत नसतील एवढे किलोमीटर त्यांचे कामावर जाण्या-येण्यातच होतात. त्यांच्या सायकलच्या दिसण्याबद्दल आपण बोलत नाही, कारण आपण ती बघतच नाही. ट्रकवाल्यालाही ती अंधारात दिसत नाही, कारण मागे दिवा नसतो.

तर पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या सायकलकडे बघायचंच असेल तर हे बघा: मागचा लाल दिवा लागतो का, ब्रेकचं रबर शिल्लक आहे का, चाकाची क्विक रिलीज घट्ट बसली आहे का, टायरला चीर आहे का. काही चुकलेलं दिसलं तर बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगा, आणि पान्याची गरज असेल तर पाना द्या. मागचा साधा दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एक जास्तीचा खिशात ठेवा, आणि बिनदिव्याची पहिली सायकल दिसेल तिला, ती कशीही दिसत असो, लावून द्या.