टाइमटेबलात तिचा तास दाखवा

गोव्यात पेडण्यातल्या हायस्कुलांत मी पाहिलेल्या टाइमटेबलांवर पीटी, संगीत, कॉम्प्युटर सगळ्यांना जागा होती. दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या स्पेशल टीचरचा तास मात्र दिसला नाही. विचारलं की उत्तर मिळतं, ‘ती येते आणि मुलांना रिसोर्स रूममध्ये नेते.’ कोणत्या विषयातून उठवून? तर बहुतेकदा पीटी नाहीतर चित्रकला. ज्या तासाची ते पोर वाट पाहत असतं, नेमका तोच जातो.

घटक चाचणीचं बघा. सातवीतला एखादा मुलगा वाचताना अडखळतो, पण विज्ञानाचं तोंडी विचारलं तर धडाधड सांगतो. पेपर येतो बारीक अक्षरांत, एकाच पानावर कोंबलेला. तो स्पेशल टीचरला आधी मिळाला असता तर तिने अक्षर मोठं केलं असतं, एकाच वाक्यात गुंतलेले तीन प्रश्न सुटे केले असते, आकृतीला नावं द्यायला रेघा आखून दिल्या असत्या. काम अर्ध्या तासाचं. पण पेपर तिला दिसतो तो परीक्षा सुरू झाल्यावर, मुलाशेजारी बसल्यावर. आणि गुण कमी पडले की स्टाफरूममध्ये तिलाच ऐकवतात, ‘तुमच्या मुलाचं काय करायचं?’

तुमच्या म्हणजे कुणाच्या? हजेरीपटावर तो सातवीचा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. सगळ्या मुलांनी एकत्र शिकायचं आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलायची. हा बदल अख्ख्या शाळेने करायचा आहे.

वर्गशिक्षकांना मी दुष्ट ठरवत नाही. आपल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत एकच टीचर चारही वर्ग सांभाळते. तिने आणखी काय काय करावं? स्पेशल टीचरही एका शाळेची नसते. आज मांद्रे, उद्या धारगळ, अशी तिची धावपळ. सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण घालून दिलं. मार्च 2025मध्ये राज्यांना पदं जाहीर करून भरती करा, असं पुन्हा बजावावं लागलं. पणजीत 2023पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरतो, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच त्याच राज्यातली ही शिक्षिका सहकाऱ्यांत पाहुण्यासारखी वावरते, याचा राग येतो.

पदं सरकारने भरायची आहेत. हेडमास्तरांनी तोवर थांबायचं कारण नाही. ती ज्या वारी शाळेत असते, त्या वारी विषयशिक्षकांचा एक ऑफ पिरियड तिच्यासोबत लावा आणि तो टाइमटेबलात लिहा. पुढच्या धड्यातलं काय तोंडी घ्यायचं, काय चित्रातून दाखवायचं, मुलाला कुणाशेजारी बसवायचं, हे तिथे दोघांनी मिळून ठरवावं. मुलाला बाहेर नेण्याऐवजी कधी तीच वर्गात येऊन बसेल.

आणि चाचणीचा पेपर तिला दोन दिवस आधी द्या. फुटेल म्हणता? पेपर काढणाऱ्या सरांवर जेवढा विश्वास टाकता, तेवढाच तिच्यावर टाका. तीही तुमच्या शाळेची शिक्षिका आहे.