ओठ नातवाचा, तोंड आजोबांचं

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या नातवाचं? नाही? मग ती पिशवी ठेवा खाली.

खालची दाढ किडली होती त्याची. सुनेनं नेलं उल्हासनगरला, कॅम्प चारला. आता बदलापुरात काय दातांचे डॉक्टर नाहीत? पण तिचं माहेर तिकडचं, तेव्हा... जाऊ दे, मला काय करायचंय!

तर काय सांगत होते, भुलीचं इंजेक्शन दिलं, दाढ भरली. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणे, बधिरपणा जाईपर्यंत चावायला काही नको, दोन-तीन तास तरी. दातांत कापसाचा बोळासुद्धा दिला, ओठ मध्ये येऊ नये म्हणून. तो यानं विठ्ठलवाडीच्या फलाटावर थुंकला! आणि आजोबांनी काय करावं? ‘शूर माझा वाघ’ म्हणत हातात दालपकवान! बदलापूर येईस्तोवर पोरगं आपलं चघळतंय, चघळतंय... सगळ्यांना वाटलं पकवान. ओठ होता हो तो! दुखतच नाही, तर पोरांना कळणार कसं? उलट गंमत वाटते.

रात्री ओठ हा एवढा. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा-पिवळा थर. काकूंनी घर डोक्यावर घेतलं, “पू झालाय, सुईच घाण होती!” सून बिचारी एवढीशी झाली. निघाली वरात परत. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सुई नाही आजी, दात. यानंच चावलाय. हा पू नव्हे, जखम भरताना असाच थर धरतो, खरवडू नका. आठ-दहा दिवसांत जाईल.” काकूंनी अँटिबायोटिक मागितलं. नाहीच दिलं! तेव्हाचा काकूंचा चेहरा... सुनेनंच सांगितलं मला, अगदी करून दाखवला. आजोबा तेव्हापासून पेपरातून तोंड वर काढत नाहीयेत.

आता फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून लावतात, ओठाला व्हॅसलीन, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, तिखट बंद. ताप आला किंवा सूज वाढतच गेली, तर मात्र लगेच या म्हणालेत.

तुमच्या धाकटीची दाढ शनिवारी ना? डॉक्टरांनी उपाशी आणा म्हटलं नसेल तर निघायच्या आधीच जेवू घाला. नंतर कोमट दूध, गार ताक, बस्स. अन् ओठावर नजर ठेवा, मोबाइलवर नको.