जन्मतारीख विचारू नये

रेल्वेने ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये काढून घेतली. एसटी फुकट नेते, पण पंचाहत्तरी गाठल्यावर. वय वाढलं की तिथल्या तिथे भाव वाढतो, अशी मुंबईत आता एकच जागा उरली आहे : चोरबाजारातली मटण स्ट्रीट. गिऱ्हाईकाच्या पायातले बूट बरे असतील तर घड्याळ बोलता बोलता 20 वर्षांनी म्हातारं होतं.

एका दुकानात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन मांडला होता. ‘अठरासौ सत्तावन का पीस है, सेठ. गदर के टाइम का.’ ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर 1857 साली सहा वर्षांचा होता आणि पेटंट त्याने 1887 मध्ये घेतलं. पण एवढ्यातेवढ्यावरून सौदा मोडू नये. पेटीवर कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र चिकटवलेलं. ते चित्र कंपनीने चित्रकाराकडून विकत घेतलं 1899 मध्ये. पेटी उलटी केली तर तळाला अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे चार स्क्रू, म्हणजे 1930 च्या दशकातली अमेरिकन अक्कल. कर्ण्याचं पितळ तर बहुधा याच दिवाळीचं. इतके काळ एका पेटीत गुण्यागोविंदाने नांदताना पाहून ऊर भरून आला. तबकडी मात्र अस्सल लाखेची निघाली आणि खरखरही तिची स्वतःचीच होती.

वस्तू म्हातारी करणं ही इथली खरी कारागिरी. नव्या पितळेवरून ॲसिडचा हात फिरवायचा, लाकडाला कडक चहा पाजायचा, वर बूटपॉलिश. खारच्या कुठल्याशा नव्या कॅफेसाठी इंटिरिअरवाली मुलगी खुर्च्या बघत होती. ओरखडे तिला कमी वाटले. ‘भैया, ये थोडा और पुराना मिलेगा? शनिवार तक?’ दुकानदाराने वही उघडली. ‘कितना साल चाहिए?’

आता कायद्याचं बघा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभरी गाठलेली वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला 75 वर्षं पुरतात. तिचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशी ती परस्पर नेता येत नाही, नेली तर किमान 6 महिने आत. (कायदा करणाऱ्यांनी मटण स्ट्रीटवर एक फेरी मारली असती, तर शंभर वर्षं मोजायची कुणी, तेही लिहून ठेवलं असतं.) त्यामुळे गिऱ्हाईकासमोर पेशव्यांच्या देवघरातून आलेली समई, सरकारी माणूस गल्लीत शिरला की गेल्या महिन्यात मुरादाबादहून आलेली असते. आणि पुष्कळदा हे दुसरंच खरं असतं! सरकारशी खरं बोलणारा असा व्यापारी देशात दुसरीकडे सापडायचा नाही. खोटं ऐकायचं तर पैसे मोजावे लागतात.

ग्रामोफोन अखेर एका काकांनी घेतला. मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याच्या हॉलमध्ये शोभेल म्हणाले. पक्कं बिल मागितलं. दुकानदाराने लिहिलं : ‘शोभेची वस्तू, हस्तकला, नवीन.’

काका चरकले. मग त्यांनी चष्मा वर केला, बिल पुन्हा वाचलं आणि नीट घडी करून पाकिटात ठेवलं.

‘हे कस्टमवाल्यांना दाखवू,’ ते म्हणाले. ‘सूनबाईंसाठी सत्तावन सालचं एक वेगळं द्या.’

दुकानदाराने गल्ल्याखालून दुसरं पॅड काढलं. त्यावर ‘18’ आधीच छापलेलं होतं.